स्कार्फची गाठ

चवथीच्या आधीच्या गुरुवारी बाणस्तारीला बाजार करणं म्हणजे काय, हे गोंयकाराला सांगायला नको. वरून पाऊस, खाली चिखल, मधे माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान मांडून बसलेल्या बायका, आणि त्यांच्यातून वाट काढणारी सगळी तिसवाडी आणि अर्धं फोंडा. माझ्या एका हातात बेड्यांचं शिपटं, म्हणजे सुपाऱ्यांचा घोस होता, दुसऱ्या हातात नारळाची पेंड, म्हणजे घड, खांद्याला पिशवी. पिशवीत चिबूड, तोरिंगं, आटकी आणि कवंडळाची लालभडक फळं. देवाच्या वस्तूंवर घासाघीस करायची नसते असं आई म्हणायची, आणि मग स्वतः करायची, मीही केली. छत्री धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून ती मिटलेलीच काखेत होती आणि मी भिजत होते. अशा वेळी गळ्यात स्काऊटचा स्कार्फ बांधलेला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा समोर आला. "मावशी, पिशवी म्हजेकडेन दी." मी हो-नाही म्हणेपर्यंत पिशवी त्याच्या खांद्यावर गेलीसुद्धा. काखेतली छत्री काढून त्याने ती माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः अर्धा पावसात राहून बसस्टॉपपर्यंत आला. चालताना नारळाच्या पेंडीकडे बघून म्हणाला, आमच्या घरी यंदा बाबा माटोळी बांधणार नाहीत, आजोबा गेले ना. इतकं सहज सांगितलं की मला काय बोलावं ते कळेना.

बसस्टॉपवर पोचल्यावर त्याने पिशवी खाली ठेवली, खिसा चाचपला आणि जरा लाजत विचारलं, "मावशी, एक फोटो काडूं? ग्रुपार घालपाचो आसा." मी हसून मान हलवली. त्याचा मित्र मोबाईल घेऊन धावत आला. पण फोटोत छत्रीमुळे स्कार्फ झाकला गेला, नि स्कार्फ दिसला नाही तर सर धरत नाहीत. मग मी पिशवी परत खांद्याला लावली, आम्ही दहा-पंधरा पावलं मागे गेलो, त्याने ती पुन्हा माझ्या खांद्यावरून घेतली, या वेळी जरा सावकाश, कॅमेऱ्याकडे तोंड करून. दुसऱ्या खेपेला माझे डोळे मिटले. तिसरी खेप चालू असताना फोंड्याची बस आली आणि गेली.

राग आला असता तर बरं झालं असतं. राग येतो, जातो.

पुढच्या बसमध्ये खिडकीशी बसून शिपट्याचे बेडे मोजल्यासारखं करत मी विचार करत होते की मला नेमकं काय टोचतंय. मुलगा चांगला होता. पहिल्या खेपेला, कोणी बघत नसताना, त्याने पिशवी खरोखरच उचलली होती. आजोबांचं सांगितलं ते काही फोटोसाठी नव्हतं. तरी तिसऱ्या खेपेपर्यंत त्या पहिल्या खेपेचं काहीतरी झालं होतं. तीच पिशवी, तेच अंतर, तोच पाऊस, आणि मी मात्र मदत मिळालेली बाई राहिले नव्हते. त्याच्या मदतीचा पुरावा झाले होते.

मी स्वतः गाईड होते. डिचोलीच्या बाजूच्या एका मराठी हायस्कुलात, आकाशी निळ्या गणवेशात, शनिवारच्या शेवटच्या दोन तासांना. आम्हाला गाईड शिकवणाऱ्या बाई शिवणकामाच्या बाई होत्या, आणि त्यांनी स्काऊटिंगचं कुठलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती त्यांनी पहिल्याच शनिवारी आम्हाला दाखवली. स्कार्फ गळ्यात घातला, वॉगल, म्हणजे स्कार्फची कडी, वर सरकवलं, आणि खाली लोंबणारी दोन टोकं घेऊन त्यांची एक लहानशी गाठ मारली. सकाळी घरातून निघताना ही गाठ मारायची. दिवसभरात कोणाचं तरी एक काम, न सांगता, न मागता करायचं. झालं की गाठ सोडायची. घरातलं काम धरायचं नाही, कारण ते तसंही करायचंच असतं. आणि कोणी विचारलं, काय केलंस, तर सांगायचं नाही. बाईंनी स्वतःही कधी विचारलं नाही. शाळा सुटताना त्या फाटकाशी उभ्या असायच्या, आमच्या स्कार्फांकडे बघायच्या आणि गाठ राहिलेली दिसली की एक भुवई वर करायच्या, बस्स.

पुढे खूप वर्षांनी कळलं की ही गाठ बाईंची नव्हे, स्काऊट चळवळ काढणाऱ्या खुद्द बेडन-पॉवेलची. रोजच्या सत्कृत्याची आठवण राहावी म्हणून गळपट्टीला गाठ मारून ठेवा, काम झाल्याशिवाय सोडू नका, असं तो मुलांना सांगत असे. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. यात जे दिसतं ते न केलेलं काम दिसतं. केलेल्या कामाची खूण उरत नाही. गाठ सुटली की स्कार्फ इतर कुठल्याही स्कार्फासारखा. गाठ सुटलेली मुलगी काही करून आलीय की सकाळी बांधायलाच विसरलीय, हे तिच्याशिवाय कोणालाच कळायचा मार्ग नाही. हिशेब आहे, पण तो ज्याचा त्याच्याजवळ.

हे सगळं एका लष्करी माणसाच्या डोक्यातून निघालं, ही गोष्ट मला आजही धड पचत नाही. रॉबर्ट बेडन-पॉवेलचं नाव झालं ते दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगच्या वेढ्यात. ऑक्टोबर १८९९ ते मे १९००, २१७ दिवस बोअर सैन्याने ते गाव वेढलं होतं. माणसं कमी पडू लागली तेव्हा बारा-पंधरा वर्षांच्या गोऱ्या मुलांचं एक पथक उभारलं गेलं. निरोप पोचवणं, पहारा देणं, दवाखान्यात हातभार लावणं, ही कामं मुलं करायची. सुरुवातीला गाढवांवरून, पुढे सायकलींवरून. तोफगोळ्यांतून सायकल हाणत आलेल्या एका पोराला बेडन-पॉवेल म्हणाला, अरे लागेल तुला एखाद्या दिवशी; तर तो म्हणाला, मी इतकी जोरात मारतो की ते मला गाठूच शकत नाहीत. वेढ्यात गावापुरती टपाल तिकिटं छापली होती, त्यांतल्या एकावर सायकलवरचा असाच मुलगा आहे. आमच्या शेजारच्या तिकिटं जमवणाऱ्या काकांकडे त्या तिकिटाचं चित्र होतं. लहानपणी मला तो पोर फार आवडायचा. आता त्याच्याकडे पाहिलं की पोटात कालवतं. त्याच वेढ्यात गावातल्या काळ्या लोकांच्या वाट्याला आलेली उपासमार तिकिटावर नाही. सोल प्लाटये नावाचा एक तरुण आफ्रिकी दुभाषी तेव्हा माफेकिंगमध्ये रोजनिशी लिहीत होता, त्याच्यामुळे त्या लोकांचे हाल आपल्याला निदान ठाऊक तरी आहेत.

त्या युद्धातून परत आल्यावर बेडन-पॉवेलला दिसलं की सैनिकांसाठी त्याने लिहिलेलं टेहळणीचं, म्हणजेच स्काऊटिंगचं, पुस्तक इंग्लंडात मुलंच वाचताहेत. मग १ ऑगस्ट १९०७ ला त्याने इंग्लंडच्या पूल नावाच्या बंदरातल्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलं घेऊन तंबू ठोकले. सकाळी कुडू हरणाच्या शिंगाचा भोंगा वाजवून मुलांना उठवायचं. लांडगे, बैल, कावळे आणि कुरव असे चार गट. पावलांचे माग काढणं, दोरांच्या गाठी, चुली, रात्री शेकोटीभोवती गोष्टी. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते फीचं. ईटन-हॅरोसारख्या शाळांतल्या मुलांकडून १ पौंड, आणि पूल-बोर्नमथच्या कामकरी घरांतल्या मुलांकडून साडेतीन शिलिंग. तंबू मात्र एकच. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन घरांतली मुलं एका पातेल्यातलं जेवली, यापेक्षा मोठी टेहळणी कुठली असणार? पुढच्या वर्षी स्काऊटचे नियम छापले त्यांतही तेच आलं: समोरचा कुठल्या वर्गातला आहे याचा विचार न करता स्काऊट प्रत्येक स्काऊटचा भाऊ. त्याच नियमांत राजाशी निष्ठा होती, मालकाशीही निष्ठा होती. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने कडी घालायची, असा तो सगळा मामला.

आमच्या शिबिरातही पातेलं एकच होतं. साखळीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेच्या आवारात रात्री मुक्कामाला होतो. तीन दगडांच्या चुली, ओली लाकडं, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. खिचडी खाली लागली होती आणि वर कच्ची होती. आमच्यातल्या एका मुलीला तिच्या आजीने घरचा वेगळा डबा दिला होता, का ते कोणाला सांगावं लागलं नाही; गोव्यात अशा गोष्टी पोरांनाही आपोआप कळतात. पहिल्या रात्री तिने तो डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी फुंकणी मारायची पाळी तिचीच होती, आणि तासभर फुंकून झाल्यावर तिने आमच्याबरोबर ताटली पुढे केली. कोणी काही म्हटलं नाही. बाईंनी तर बघितलंच नाही असं केलं. आजीला हे कधी कळलं की नाही, ठाऊक नाही.

बाबांना माझा गणवेश आवडला नव्हता. दादाची खाकी तर मुळीच आवडली नव्हती. बाबा पणजीला लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकले, पोर्तुगीज अमलात. तिथे त्यांना 'मोसिदाद'चा हिरवा शर्ट घालावा लागायचा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९३६ मध्ये काढलेली ती युवक संघटना; शाळेत जायचं तर तिच्यात असायचंच. पट्ट्याच्या बकलवर एक ठसठशीत 'एस'. शिक्षक सांगत तो सेवेचा, मुलं आपसांत म्हणत तो सालाझारचा. हात सरळ पुढे करून सलाम. बाबा ते करून दाखवायचे ते हसतच, पण हात खाली आणताना हसू राहिलेलं नसायचं. "पोरांना एका रंगाचे कपडे घालून रांगेत उभं केलं की मला घाम फुटतो," म्हणायचे. मुक्तीनंतर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्यांतल्याच एकात बाबा शिक्षक झाले, आणि रांगेत उभं राहून प्रार्थना म्हणणाऱ्या पोरांकडेही ते जरा तिरक्या नजरेनेच बघत. स्काऊटही लष्करातूनच आलाय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याशी वाद घालण्याइतकं मला तेव्हा काही कळत नव्हतं. आता कळतं, तर वाटतं ते अर्धे बरोबर होते. गणवेश कुठल्याही बाजूला वळवता येतो. बेडन-पॉवेलनेही त्याला वळण दिलं, पण ते वळण टिकवायला प्रत्येक शाळेत एक भुवई वर करणारी बाई लागते, आणि ती सगळीकडे कुठून आणायची?

बाबा थोडे विरघळले ते गाठींमुळे. एका शनिवारी आम्हाला क्लोव्ह हिच शिकवली. काठीला दोर एकदा गुंडाळायचा, मग स्वतःलाच ओलांडून दुसरा वेढा घ्यायचा, आणि टोक त्या दुसऱ्या वेढ्याखालून काढून ओढायचं. जितका ताण येईल तितकी घट्ट बसते, आणि सोडायची तर दोन्ही टोकं सैल करून आत ढकलली की झटक्यात मोकळी. मी घरी येऊन ओसरीच्या खांबाला तीच पुन्हापुन्हा बांधत होते. बाबा पेपर वाचत होते. थोड्या वेळाने उठले, आतून कुमयाच्या सालीचा दोर घेऊन आले, ओला होता, आणि माझ्याकडे न बघता तीच गाठ एका हाताने बांधली. माटोळीची चौकट आढ्याला टांगताना, तिच्यावर आंब्याचे टाळे आणि शिपटी बांधताना ते आणि त्यांचे वडील हीच गाठ मारत आलेले. मग त्यांनी मला खांबाशी उभं केलं आणि सांगितलं, दोर ओला असताना बांध, सुकल्यावर आवळतो; आणि फळं जड म्हणून प्रत्येक शिपट्याला आधी एक वेढा जास्त घे. गाईडच्या पुस्तकात हा जास्तीचा वेढा नव्हता. त्या वर्षी माटोळीच्या एका कोपऱ्याच्या गाठी माझ्या होत्या, आणि विसर्जनापर्यंत मी रोज मान वर करून त्यांच्याकडे बघत होते, एखादा नारळ देवाच्या डोक्यावर पडला तर काय, या धास्तीने.

मुलींचं या चळवळीत येणंही मजेदार. ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, सुमारे ११,००० मुलगे. त्यांच्यात काही मुली, कोणी बोलावलेलं नसताना, टोप्या-काठ्या घेऊन येऊन उभ्या राहिल्या: आम्हीही स्काऊट. बेडन-पॉवेलला काय करावं सुचेना, आणि १९१० मध्ये त्याने बहीण अॅग्नेसच्या हाती गर्ल गाईड्स सोपवली. म्हणजे मुलगे आमंत्रण देऊन आले, आणि मुली फाटकातून घुसून. हे मला बाराव्या वर्षी ठाऊक असतं तर बरं झालं असतं. आमच्या शाळेत मुलग्यांचे गट वाघ, गरुड, लांडगा, आणि आमचे गुलाब, कमळ, मोगरा. मी मोगरा होते. दादा घरी मला मोगरा म्हणून हाक मारायचा, आणि मी त्याला वाघ म्हटलं की त्याला ते खरंच वाटायचं.

भारतातही आत शिरण्याची गोष्ट तशीच. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. हिंदी मुलांना गणवेश, शिस्त, टेहळणी शिकवली तर ती उद्या कोणाविरुद्ध वापरतील, ही सरकारला धास्ती. मग लोकांनी स्वतःच काढली: मद्रासला अॅनी बेझंट, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती, १९१८ मध्ये. जत्रांमध्ये, कुंभमेळ्यात हरवलेली माणसं शोधणं, पाणी पाजणं, आजाऱ्यांना उचलणं ही त्यांची टेहळणी. टेहळणी लष्कराची राहिली नाही. स्वातंत्र्यानंतर या साऱ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स झाले, पुढच्या वर्षी गाईड्स मिळाल्या. गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचा झेंडा होता आणि बाबा हिरव्या शर्टात होते.

बाईंच्या आणि बेडन-पॉवेलच्या मध्ये कुठेतरी 'खरी कमाई' येते. वर्षातून एकदा आम्हाला एक कार्ड मिळायचं: काम, पैसे, सही. घरोघर जाऊन विचारायचं, काही काम आहे का? जमलेले पैसे पथकाच्या निधीला. ब्रिटनमध्येही १९४९ पासून असा आठवडा होता, एका कामाला एक शिलिंग. मला आणि माझ्या मैत्रिणीला ख्रिश्चन वाड्यावरची एक म्हातारी बाय मिळाली. तिने आमच्याकडून बाल्कांवची, म्हणजे दारापुढच्या ओसरीची, लाल जमीन घासून घेतली, नारळाच्या सोडणाने, गुडघ्यांवर बसून, आणि स्वतः आरामखुर्चीत बसून सूचना दिल्या: कोपरा राहिला, तो कोपरा राहिला. जमीन अशी चकाकली की तिच्यात बायचे पायसुद्धा दिसले. शेवटी तिने एक रुपया दिला, कार्डावर पोर्तुगीज वळणाची लांबलचक सही केली, आणि आत जाऊन दोदोल या गोड पदार्थाचा एकेक मोठा तुकडा घेऊन आली. घरी जाताना माझी मैत्रीण म्हणाली, दोदोल कार्डात लिहायचा का? आम्ही बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, रुपया पथकाचा, दोदोल तुमचा. १९०८ च्या मूळ नियमांत तर विनयाच्या कलमातच लिहिलंय, की मदतीबद्दल स्काऊटने काही घेता कामा नये. त्या हिशेबाने दोदोलही गुन्हाच. पण बायने तो कार्डासाठी दिला नव्हता, आणि आम्ही जमीन काही दोदोलासाठी घासली नव्हती. हे आम्हाला तेव्हा कसं समजलं होतं ते आज नीट सांगता येत नाही.

बक्षीस न घेणाऱ्या एका मुलावर तर आख्ख्या अमेरिकेचं स्काऊटिंग उभं आहे, असं म्हणतात. १९०९ मध्ये विल्यम बॉइस नावाचा शिकागोचा एक प्रकाशक लंडनमध्ये रस्ता चुकला. एका पोराने त्याला हव्या त्या जागी पोचवलं, नि त्याने पैसे काढले तर म्हणाला, नको, मी स्काऊट आहे. बॉइसने चौकशी केली, आणि ८ फेब्रुवारी १९१० ला अमेरिकेत बॉय स्काऊट्सची नोंदणी झाली. गोष्टीत दाट धुकंही आहे, पण ते होतं का यावरच पुढे शंका घेतली गेली; गोष्ट सांगणाऱ्यांना धुकं आवडतं. मुलगा मात्र सापडला नाही. त्याचं नाव कोणाला कळलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेच्या स्काऊटांनी लंडनजवळच्या गिलवेल पार्कला एक ब्राँझचा गवा भेट दिला, त्यावर लिहिलंय, अज्ञात स्काऊटला. सत्कृत्य करून गाठ सोडली आणि घरी गेला, इतकंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. त्याच्या मित्राकडे मोबाईल असता तर बॉइसला दोनदा रस्ता चुकावा लागला असता.

या विनोदावर मी स्वतःच बसमध्ये हसले असते, पण मग त्या मुलाचे सर डोळ्यांसमोर आले. मी त्यांना ओळखत नाही, पण तसे सर मला ठाऊक आहेत. घरातच बाबा होते. वर अहवाल जायचा असतो. उपक्रम झाला, फोटो जोडला. फोटो नाही तर उपक्रम नाही. त्यांनी भुवई वर करून भागणार नाही, कारण त्यांच्याकडे कोणी भुवई वर करून बघत नाही, तक्ता भरून मागतं. राज्य पुरस्कारापर्यंत पोचायचं तर नोंदवही लागते, आणि मुलांनी तिथवर पोचावं असं सरांना वाटणं चुकीचं कसं म्हणू? आमच्या काळी कोणी काही तपासत नव्हतं, आणि त्या न तपासण्यात बरीच मुलं गाठ न बांधता नि न सोडता दहावी झाली, हेही खरंच. फोटोच्या निमित्ताने का होईना, बाणस्तारीत त्या दिवशी कितीतरी म्हाताऱ्यांच्या पिशव्या बसस्टॉपला पोचल्या असतील. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "पिशवी उचलली ना? मग तुला काय फोटोचं पडलंय, मोगरा?" दादा बँकेत आहे, त्याचा सगळा जन्म सही-शिक्क्यात गेला.

पडलंय, कारण त्या मुलाने आजोबांबद्दल सांगितलं ते फोटोत येणार नाही, आणि सरांच्या ग्रुपवरची मुलं ते शिकणार नाहीत. ती शिकतील की स्कार्फ दिसायला हवा. तेरा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या खेपेपर्यंत नेमकं तेच कळलं होतं: पिशवीचं वजन आणि फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोजली जाते ती दुसरी. हे त्याला जगात कुठेही शिकायला मिळालंच असतं. निदान शनिवारचे दोन तास तरी ते बाहेर राहायला हवं होतं.

दादाची मुलगी यंदा गाईडमध्ये गेली. चवथीला आम्ही सगळे गावच्या घरी होतो, तेव्हा तिने नवा स्कार्फ दाखवायला आणला, आणि मी तिला खालच्या टोकांची गाठ शिकवली. बाईंचे नियम सांगितले: कोणाला सांगायचं नाही, घरातलं काम धरायचं नाही. तिने फार गंभीरपणे ऐकलं. संध्याकाळी वहिनी कपड्यांना इस्त्री करायला बसली. टोकांना गाठ दिसली, तिने सवयीने सोडली आणि स्कार्फ कडक इस्त्री करून घडी घालून ठेवला. पोरीने ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "का सोडलीस? मी अजून काही केलंच नव्हतं!" वहिनी म्हणाली, मग आता कर, पाहुणे आलेत, पानं मांड. पोर म्हणाली, ते घरातलं काम, ते धरत नाहीत, आत्याने सांगितलंय. वहिनीने माझ्याकडे बघितलं. दादा म्हणाला, पाहुण्यांची पानं म्हणजे घरातलं काम नव्हे, धरता येईल. मी म्हटलं, नाही धरता येणार. तोवर पाहुण्यांपैकी कोणीतरी उठून पानं मांडायला सुरुवात केली होती.